मास्तरांच्या जागी वाळू

१

पिशवीची चेन उघडली, आणि मास्तरांच्या जागी वाळू निघाली.

वाळू थैल्यांत भरलेली होती. डोक्याच्या जागी एक छोटी थैली, छातीशी दोन मोठ्या, पायांकडे दोन लांबट. माणसाच्या मापाला माप लावून रचल्यासारख्या. थैल्यांवरून पांढरी वाफ ओघळत होती, आणि चिरंजीव सहकारी मंडळाचे झाडून सगळे सभासद तिच्याकडे बघत उभे होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग वर्षभर आपण सांभाळलं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची चिटणीस हे सगळं आपल्या आत्याला सांगत होती. समोरचा चहा निवून गेला होता.

आत्याचा उभा जन्म विमा कंपनीत गेला. माणूस गेल्याचा दावा आला, की तो कसा गेला हे बघायला कंपनी तिला पाठवायची. रडणाऱ्या घरात जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, पाणी मागायचं, आणि जो तो काय बोलतो यापेक्षा काय टाळतो ते ऐकायचं, ही तिची रीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खोड गेली नव्हती. भाजीवालीसुद्धा तिला भाव सांगताना दोनदा विचार करायची.

"पहिल्यापासून सांग," आत्या म्हणाली. "तुमच्या मंडळाचं मला कधी धड कळलेलंच नाही."

भाचीनं पहिल्यापासून सांगितलं. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. मरण हा एक आजार आहे, त्यावर आज ना उद्या औषध निघणार, तोवर माणूस नासू द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. श्रीमंत लोक त्यासाठी स्वतःपुरती सोय करून ठेवतात. आपण साधी माणसं, तेव्हा आपण सहकारी तत्त्वावर अमर होऊ, म्हणून त्यांनी मंडळ काढलं. बंद पडलेली एक दूध डेअरी भाड्यानं घेतली. तिथं पुरुषभर उंचीचा पोलादी रांजण बसवला, त्यात द्रवरूप नायट्रोजन. जो सभासद जाईल तो पिशवीत घालून, डोकं खाली करून रांजणात, उरलेल्यांनी रांजण भरता ठेवायचा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एकट्याला अमर होता येत नाही.

"आणि पहिला नंबर मास्तरांचाच लागला," आत्या म्हणाली.

"गेल्या हिवाळ्यात. आता मंडळातल्या गायनबाईंची तब्येत ढासळली आहे. हृदय साथ देत नाही, फार दिवस नाहीत. म्हणून मोठा रांजण आणला, दोघांची सोय होईल असा. काल मास्तरांना त्यात हलवायचं होतं."

"संशय कुणावर आहे?"

"थंडोबावर." भाचीनं मान खाली घातली. "शीतगृहं दुरुस्त करण्याचा धंदा आहे त्याचा. रांजणाची सगळी देखभाल त्याच्याकडे. लोक म्हणतात, त्याच्या हातून काहीतरी चूक झाली, मास्तर खराब झाले, आणि त्यानं गुपचूप विल्हेवाट लावून वाळू भरली. शनिवारच्या सभेत त्याला काढायचं आणि पोलिसांत द्यायचं, असं चाललंय. आत्या, तसं झालं तर मंडळ फुटलंच म्हणून समज. गायनबाई काय करतील?"

आत्यानं निवलेला चहा परत गॅसवर ठेवला.

"चेन उघडली म्हणालीस. नुसतीच उघडली, की तिला काही बांधलेलं होतं?"

"फीत होती. कापडी. चेनच्या कड्यातून ओवून दोन्ही टोकं शिवलेली. मंडळाच्या डॉक्टरांनी कात्रीनं कापली."

"कसली फीत?"

"मास्तरांना आत ठेवलं त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. निरोप म्हणून. माझ्या सहीवर शाईचा डाग पडला होता, तो कालसुद्धा दिसला मला, तसाच..."

भाची बोलता बोलता थांबली.

"म्हणजे फीत जागच्या जागी होती," आत्या म्हणाली. "उठ. मला तुमची डेअरी दाखव."

२

थंडोबा रांजणाला पाठ टेकून स्टुलावर बसला होता. आडव्या अंगाचा, पिंजारलेल्या मिशांचा माणूस. आत्याला बघून तो उठला नाही.

"या. तुम्हीपण म्हणून घ्या चोर."

"चोराशी बोलायला मी इतक्या लांब येत नाही," आत्या म्हणाली आणि समोरच्या पेटीवर बसली. "पाणी आहे का?"

पाणी आलं. आत्या ते सावकाश प्यायली. तेवढ्यात तिची नजर खोलीभर फिरून आली. फरशी घासलेली होती, भिंतीला खिळ्यावर जाड हातमोज्यांचे जोड टांगले होते, आणि रांजणाच्या वर छताला साखळीची मोठी कप्पी होती.

"हे झाकण एकट्याला उचलतं?"

"झाकण उचलतं. पण पिशवी वर काढायची तर एक जण साखळीला लागतो, एक जण पिशवी धरायला. एकट्यानं केलं तर पिशवी रांजणावर आपटणार, आणि रांजणाला पोचा आला की संपलं." त्यानं रांजणावर तळवा ठेवला. "मी एकदासुद्धा उघडलं नाही. नळीतून भरायचो. पातळी कधी बोटभर खाली जाऊ दिली नाही. वाहतूकवाल्यांचा संप झाला तेव्हा माझ्या गाडीतून पिंपं आणली. पोरीच्या लग्नातून उठून आलो इथं, लग्नाच्या कपड्यांत. बायको अजून बोलत नाही त्यावरून."

"एवढं का केलंत?"

थंडोबानं मिशीवरून हात फिरवला. "मास्तर जिवंत असताना माझं त्यांचं कधी पटलं नाही. कुणाचंच पटायचं नाही. प्रत्येक सभेत भांडण. दोनदा मंडळ मोडायला आलं होतं. पण माणूस गेला, आणि जाताना स्वतःला आपल्या हवाली करून गेला. आता तो विचारायला येणार नाही, रागवायला येणार नाही. अशा माणसाला फसवायचं म्हणजे..."

वाळूच्या थैल्या कोपऱ्यात ताडपत्रीवर होत्या. गारठा ओसरला होता. आत्यानं एक उसवली, मूठभर वाळू घेतली आणि बोटांतून सोडली. बारीक, चाळलेली, खडखडीत कोरडी.

"वाळू ओली असती तर?"

"गोठून दगड झाला असता. थैली फाटली असती, वाळू रांजणात सांडली असती. एखादा खडा तळाशी घासला तरी धोका."

"म्हणजे ज्यानं ही वाळू भरली, त्यानं ती आधी वाळवली, चाळली, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चांगल्या जाड कापडात मशीनवर शिवली. कोण दुहेरी शिवण घालतं हो, मढं लपवायच्या घाईत?"

थंडोबानं थैलीची शिवण बोटानं चाचपली.

"हे घाईचं काम नाही. चोराचंही नाही," आत्या म्हणाली. "ज्यानं केलं त्याला तुमच्या रांजणाची काळजी होती. आणि फीत शाबूत होती, म्हणजे पिशवी मिटल्यावर ती कुणी उघडलेलीच नाही. तुम्ही सुटलात."

"मग मास्तर कुठं गेले?"

"कुठं गेले ते अजून माहीत नाही. पण एक सांगते. ते या रांजणात कधी उतरलेच नाहीत."

३

डॉक्टरांच्या दवाखान्यात गायनबाई आधीच बसलेल्या होत्या. बारीक झालेल्या, ओठांना निळसर झाक आलेली, पण पाठ ताठ. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या मुलांना गाणं शिकवलं होतं, आणि बोलताना श्वास कुठं घ्यायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तुम्हीच त्या विम्याच्या आत्या," त्या म्हणाल्या. "बरं झालं भेटलात. सगळे मला धीर देतात. मला धीर नको आहे. मला एवढंच कळू द्या, की माझ्या माघारी हे लोक माझं नीट करतील की नाही. नसतील करणार तर तसं सांगा. मी दुसरी तयारी करते. चिडणार नाही."

"शनिवारी सांगते," आत्या म्हणाली.

"शनिवारपर्यंत आहे मी," गायनबाई हसून म्हणाल्या आणि भिंतीला धरत बाहेर गेल्या.

दार लागलं. डॉक्टर टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत होते. सरळ नाकाचा, सरळ स्वभावाचा माणूस. असल्या माणसांना लपवता येत नाही, फार तर गप्प बसता येतं.

"त्या दिवशी काय झालं, सांगता का?"

"मास्तरांना न्यूमोनिया झाला होता. पहाटे मास्तरीणबाईंचा फोन आला. मी गेलो, मग मंडळाला कळवलं. मास्तरांना इथं आणून बर्फात ठेवलं."

"इथं कोण कोण होतं?"

"मी आणि मास्तरीणबाई. बाकीचे बाहेर. तसा नियमच आहे. एकेक मिनिट मोलाचं असतं. गर्दी केली, रडारड केली, की मेंदूचं नुकसान."

"म्हणजे मास्तरांचं शेवटचं दर्शन कुणालाच झालं नाही."

"लांबून झालं. बर्फात झोपलेले. मग मी दार लावलं."

"आणि दार उघडलं तेव्हा पिशवी मिटलेली होती." आत्यानं हात मांडीवर ठेवले. "डॉक्टर, पोलिसांत जाण्यापासून लोकांना तुम्हीच थांबवलंत म्हणे."

"थंडोबानं काही केलेलं नाही. मी लिहून देतो हवं तर."

"द्या ना. पण इतकं खात्रीनं कसं सांगता? सगळं मंडळ एकीकडे आणि तुम्ही एकटे दुसरीकडे. ज्याला माहीत नसतं, तो म्हणतो, तो असं करणार नाही. तुम्ही म्हणता, केलेलं नाही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं.

"बरं, ते राहू द्या. मृत्यूचा दाखला तुम्हीच दिला असेल?"

"मंडळाच्या कागदावर मी सही केली आहे."

"मंडळाच्या नव्हे. सरकारी."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर गायनबाई रिक्षात बसत होत्या, आणि बसायला त्यांना बराच वेळ लागत होता.

"आत्याबाई," ते शेवटी म्हणाले, "मी कुणालातरी शब्द दिला आहे. तो माणूस स्वतः बोलणार होता. अजून बोललेला नाही. तो बोलेपर्यंत मला काही विचारू नका."

"कोण माणूस?"

"मास्तरीणबाईंना भेटा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी घंटी वाजवली.

४

मास्तरीणबाईंचं घर दुमजली होतं, खाली दोन खोल्या, वर एक. दाराशी मास्तरांच्या चपला होत्या. खुंटीवर त्यांचा कोट, टेबलावर चष्मा, उघडं ठेवलेलं पुस्तक. भाची हळूच म्हणाली, "सगळं जसंच्या तसं ठेवलंय. ते परत येतील तेव्हा त्यांना शोधाशोध करायला नको म्हणून."

मंडळातल्या कुणालाच यात वावगं वाटत नव्हतं. मास्तरांविषयी सगळे असेच बोलत, मास्तर आहेत, मास्तरांना आवडतं. आत्याला आधी ते चमत्कारिक वाटलं होतं. आता तिच्या ध्यानात आलं, की या घरात कुणी काही लपवलं असेल, तर ते लपवायला याहून चांगली जागा नाही.

मास्तरीणबाई गोऱ्यापान, ठेंगण्या, बोलायला ऐसपैस. त्यांनी कॉफी केली, बिस्किटं काढली आणि आत्यासमोर बसल्या. आत्यानं खुर्चीतली उशी पाठीमागून काढून मांडीवर घेतली. तिचा अभ्रा पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाचा होता, दुहेरी शिवणीचा.

"छान शिवता तुम्ही," आत्या म्हणाली.

"सवय आहे. कापड उरलं होतं थोडं."

"त्याच्या थैल्याही चांगल्या झाल्या."

मास्तरीणबाईंनी कप सावकाश बशीत ठेवला. भाची मात्र बिस्किट हातात धरून तशीच बसली.

"तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मला वाटलं होतं, तुमचा या सगळ्यावर विश्वास नसावा. नवरा थंडगार टाकीत उलटा टांगलेला तुम्हाला बघवला नसेल. म्हणून डॉक्टरांना गळ घातलीत, आणि तुमच्या मनासारखे त्यांचे अंत्यसंस्कार केलेत. पुष्कळ घरांत असं होतं. मेलेल्याची इच्छा एक, जिवंताची दुसरी."

"मी त्यांना पुरलेलं नाही," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "जाळलेलंही नाही. कुणाच्याही शपथेवर सांगते."

आत्याला खोटं ऐकायची इतकी सवय होती, की खरं ऐकलं की ती दचकायची. ही बाई खरं बोलत होती. आणि तिच्या डोळ्यांत दुःख नव्हतं. भीती होती. शिवाय थोडा रागही, जसा बायकोला नवऱ्याचा येतो, आणि तोही रोजच्या रोज समोर असणाऱ्या नवऱ्याचा.

"हात धुवू का जरा? बिस्किटाचा चुरा लागला," आत्या म्हणाली.

न्हाणीघर जिन्याखाली होतं. तिथंही सगळं जसंच्या तसं. आरशापुढच्या फळीवर मास्तरांचा कंगवा, मास्तरांची फेसाची वाटी, मास्तरांचा दाढीचा ब्रश. वाटी लख्ख धुतलेली होती. आत्यानं नळ सोडला आणि एक बोट ब्रशाच्या केसांत घातलं.

ब्रश ओला होता.

ती बाहेर आली, खुर्चीत बसली नाही. पदराला हात पुसत तिनं जिन्याकडे एकदा बघितलं.

"मास्तरीणबाई, शनिवारी सभा आहे. गायनबाई येणार आहेत, थंडोबाचा निकाल लागणार आहे." तिनं आवाज जरा चढवला, वरच्या मजल्यापर्यंत जाईल इतका. "सभेला या. दोघंही या."

५

शनिवारी डेअरीत उभं राहायला जागा नव्हती. थंडोबा दाराजवळ, हाताची घडी घालून. डॉक्टर खिडकीशी. गायनबाईंसाठी मध्ये आरामखुर्ची ठेवली होती. मास्तरीणबाई एकट्याच आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. आत्यानं त्यांच्या शेजारची रिकामी जागा बघून घेतली.

"मी तुमची सभासद नाही," आत्यानं सुरुवात केली. "मरणावर औषध निघेल की नाही, ते मला कळत नाही. मला मेलेली माणसं कळतात. तेवढ्यापुरतं बोलते."

तिनं फितीची गोष्ट सांगितली. ज्यानं त्यानं आपापली सही फीत कापण्याआधी पाहिली होती, हे सगळ्यांना आठवलं, आणि इतके दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही म्हणून लोक एकमेकांकडे बघू लागले. मग तिनं वाळू सांगितली, शिवण सांगितली.

"थैल्या मास्तरीणबाईंनी शिवल्या. पिशवी डॉक्टरांनी मिटली. दोघांनी मिळून केलं, आणि थंडोबाला यातलं काही माहीत नव्हतं. इथपर्यंत सोपं आहे. आता प्रश्न उरतो, की मास्तरांचं त्यांनी काय केलं." आत्यानं पदर सावरला. "माझ्या नोकरीत मी शेकड्यांनी मयतं पाहिली. माणूस गेला की घराला कागद लागतो. दाखला लागतो. तो मिळेपर्यंत घरचे पाय झिजवतात. मी चौकशी केली, मास्तरांच्या घरानं एक पाऊल उचललं नाही. डॉक्टरांनी दाखला दिला नाही, मास्तरीणबाईंनी मागितला नाही. खोटी सही करायला डॉक्टर तयार होते, पण आपल्याआपल्यात. सरकारदरबारी नाही. का?"

लोक डॉक्टरांकडे वळून बघू लागले.

"माझ्या त्या मयतांमध्ये चार-पाच माणसं अशी होती, जी मला पुढं भेटली. एक दुसऱ्या गावी दुकान चालवत होता. एक तर बहिणीच्या घरी पाळण्यातलं मूल जोजवत होता. माणूस नाव सोडतो, गाव सोडतो, पण लहानसहान सवयी सोडत नाही. ज्याला सकाळी उठून दाढी करायची सवय आहे, तो मेल्यावरसुद्धा करतो. परवा मास्तरांच्या घरी त्यांचा ब्रश ओला होता."

खोलीत एकदम गलका झाला. गायनबाईंनी हात वर केला तसा तो बसला.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मास्तर टाकीत गेले नाहीत, मातीत गेले नाहीत, कारण मास्तर मेलेच नाहीत. आता ते का, हे मी सांगू शकत नाही. ज्याचं त्यानं सांगावं." आत्या दाराकडे वळली. "थंडोबा, जरा बाजूला होता का? बाहेर कुणीतरी मघापासून उभं आहे. तुमच्या पाठीमुळे त्यांना आत येता येत नाही."

थंडोबा सरकला. दारात मास्तर उभे होते. दाढी केलेले, कोट घातलेले, वर्षापूर्वीपेक्षा जरासे वाकलेले.

६

"हा प्रयोग होता," मास्तर म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की पुढच्यांनाच ऐकू गेलं. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली.

"बाईंचं हृदय जातंय, हे डॉक्टरांनी मला गेल्या वर्षी सांगितलं. त्या आपल्या हवाली होणार. आणि मला प्रश्न पडला, की आपण कोण? मी गेलो तर हे मंडळ महिनाभर तरी टिकेल का? यंत्राची परीक्षा घेता येते. रांजणाची घेतली होती. माणसांची घ्यायची तर कुणीतरी जायला हवं, आणि ज्याला विचारता येत नाही अशा माणसाचं तुम्ही काय करता हे बघायला हवं. डॉक्टर तयार नव्हते. मी म्हटलं, मग बाईंना शब्द कशाच्या जोरावर देता?"

"मी बाईंना वर्षभर रोज तपासतो," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या आशेवर मला त्यांना शब्द द्यायचा नव्हता. म्हणून कबूल झालो. चुकलंच."

"मी मेहुणीच्या गावी राहिलो. पातळी डॉक्टर कळवत होते. एकदाही कमी झाली नाही." मास्तरांनी थंडोबाकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर त्याच्या छातीपर्यंतच पोचली. "प्रयोग यशस्वी झाला होता. तुम्ही रांजण उघडणार, तेव्हा मी आत येऊन सगळं सांगणार होतो. दाराबाहेर आलोही होतो."

"मग?" भाचीनं विचारलं.

"आत बाई गात होत्या. माझ्यासाठी. थंडोबा रडत होता. मग कुणीतरी मला मोठ्या रांजणात हलवायचा ठराव वाचला, आणि तो एकमतानं मंजूर झाला. माझ्या हयातीत या मंडळात एक ठराव एकमतानं झाला नव्हता." मास्तर थोडं हसले. "मला कळलं, तुम्हाला मी मेलेलाच बरा आहे. पाय उचलेना. परत यायचं कसं याचा विचार मी आयुष्यभर केला. परत घेतील का, हे कधी मनातच आलं नव्हतं. तसाच घरी गेलो. त्या दिवशी संध्याकाळी कळलं, की तुम्ही थंडोबाला धरलंय. तरी दोन दिवस घाबरून बसलो. ह्यांनी मला घरात वाट्टेल ते ऐकवलं. बरोबरच होतं."

मागच्या बाकावर मास्तरीणबाईंनी मान हलवली, म्हणजे अजून ऐकवायचं शिल्लक आहे.

आता थंडोबा पुढं झाला. लोक आपोआप मागं सरले.

"वाळू," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नातून उठून मी वाळूला पाणी पाजायला आलो. संपात पिंपं वाहिली ती वाळूसाठी. आणि तुम्ही मला चोर ठरेपर्यंत घरात बसून दाढी करत होता."

"हो," मास्तर म्हणाले.

थंडोबाची मूठ वळली होती. ती तशीच राहिली, वर गेली नाही. त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. एकाच माणसावर एकाच वेळी इतका राग आणि तो जिवंत आहे म्हणून इतका आनंद, या दोन्हींचं ओझं त्याच्याएवढ्या माणसालाही पेलत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, दोघांना काढा, मास्तरांना आणि डॉक्टरांना. दुसरं कुणी म्हणालं, पोलिसांत द्या. तिसरा म्हणाला, कसल्या गुन्ह्यासाठी, न मेल्याबद्दल? हशा पिकला, आणि त्यातच चार जण भांडायला लागले. मास्तरांच्या येण्याला पाच मिनिटं झाली नव्हती, तोच मंडळ पूर्वीसारखं झालं होतं.

"थंडोबा," गायनबाईंनी हाक मारली.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण तो योग्य जागी टाकलेला होता. भांडण तिथंच थांबलं.

"मला एक सांगा. आत वाळू आहे हे तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही पातळी राखली असती?"

"नाही."

"आत मास्तर आहेत म्हणून राखली. ज्यांच्याशी तुमचं कधी पटलं नाही, त्यांच्यासाठी राखली."

"हो."

"मग माझ्याशी तर तुमचं पटतं." गायनबाईंनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सुरुवात केली. भाची धावली, पण त्यांनी तिला लांबूनच थोपवलं आणि आपल्या आपण उभ्या राहिल्या. "मी आत्याबाईंना विचारलं होतं, माझ्या माघारी तुम्ही माझं नीट कराल का. कुणी हो म्हटलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता. आज मला कुणी सांगायची गरज नाही. तुम्ही ते आधीच करून दाखवलं आहे." त्यांनी श्वास घेतला. "मास्तरांनी जे केलं ते वाईट केलं. पण माझ्या उपयोगाचं केलं. मी मोठ्या रांजणात जाणार आहे. त्यावर मत घ्या, आणि आज एकमतानं होऊ दे. मास्तर इथं असतानासुद्धा."

हात वर झाले. एक मास्तरांचा होता. थंडोबाचा सगळ्यात शेवटी गेला, आणि तो खाली आला तो सरळ भिंतीकडे. खिळ्यावरचा हातमोज्यांचा जोड काढून त्यानं मास्तरांच्या छातीवर आपटला.

"उद्यापासून सकाळी तुम्ही भरायचं. मी शेजारी उभा राहणार आणि तुम्ही काही बोलायचं नाही. जिवंत आहात ना, मग हात चालवा."

मास्तरांनी मोजे घातले. ते त्यांना ढगळ झाले.

गायनबाई चालत त्यांच्यापाशी आल्या. चार पावलांचं अंतर, पण त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं. मास्तरांनी हात पुढं केला. त्या मोठ्या मोज्यात गायनबाईंनी आपला हात ठेवला.

"तुम्ही परत आलात तेव्हा काय वाटलं, दारात?" त्यांनी विचारलं.

"भीती. कुणी ओळख दाखवेल की नाही, याची."

"मग माझ्या वेळी दारात उभे राहा," गायनबाई म्हणाल्या. "कितीही वर्षांनी असो. मला ओळखीचं माणूस लागेल."